थांबण्याजोगा रस्ता

"आणि वाटेत काय काय आहे?" काकूंनी विचारलं.

सुनेनं मोबाइलवरून नजर उचलली. जेवणं झाली होती, ताटं उचलायची राहिली होती, आणि टेबलाभोवती मोबाइल हातोहात फिरत होता. त्यात हॉटेलांचे फोटो होते: पांढऱ्याशुभ्र चादरी, निळंशार पाणी, पाण्याकाठी उघडून ठेवलेल्या छत्र्या. एका हॉटेलातून तर बाल्कनीत उभं राहिलं की थीम पार्कमधला मोठा पाळणा दिसत होता. सुनेला ते पसंत होतं. मुलाला सुनेची पसंती पसंत होती. नात तर फोटोतल्या पाण्यात केव्हाच उडी मारून बसली होती.

"वाटेत काय असणार आई," मुलगा म्हणाला. "वाटेत वाट असते."

सगळे हसले. काकूही हसल्या. पण मोबाइल हातात आला तेव्हा त्यांनी चादरींवरून, पाण्यावरून बोट भराभरा सरकवलं आणि नकाशा काढायला सांगितला. हॉटेलच्या दारापासून पार्कच्या दारापर्यंत एक निळी रेघ होती. ती रेघ त्यांनी बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली, पण रेघ मोठी झाली तरी तिच्या कडेला काही उगवेना.

"चालत जाण्याजोगं आहे, एवढं लिहिलंय ना, बस झालं," काका म्हणाले. "हॉटेलवाल्यांची दहा मिनिटं म्हणजे माझी चार." आणि त्यांनी नातीकडे पाहून भुवया उडवल्या.

नातीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी उभी राहिली तरी तिचं काहीतरी फिरत असायचं. मागे शाळेच्या सहलीत ती त्या पार्कात गेली होती आणि रोलर कोस्टरपाशी उंचीच्या पट्टीला डोकं न लागल्यामुळे परत आली होती, रडून रडून लाल होऊन. तेव्हा काकांनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, की ज्या दिवशी डोकं पट्टीला लागेल त्या दिवशी तुला मी नेणार, गाडीतून नाही, बोट धरून, चालत, थेट दारापर्यंत. मुलांच्या शब्दकोशात 'असंच म्हटलं होतं' हा शब्द नसतो. भिंगरी वाढत राहिली. तिच्या फ्रॉकच्या दुमडी काकूंनी एकेक करून उसवल्या, आणि उसवायला दुमड उरली नाही तेव्हा काकूंना कळलं, की आता जावं लागणार. पार्क शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून जवळच्या हॉटेलात राहून तिथून चालत जायचं ठरलं.

गल्लीतले लोक त्यांना शिवणकाकू म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला मीटरकाका. नावं कामावरून पडली आणि कामं सुटली तरी चिकटून राहिली. काकूंचं अजून सुटलं नव्हतं. कापडाच्या एका दुकानात, जिन्याखालच्या कोनाड्यात, त्यांचं मशीन होतं. नवं शिवायचं नाही. तयार कपडे बेतशीर करून द्यायचे. लोक यायचे आणि सांगायचे, कापड आटलं हो, मागच्या वर्षी बसत होतं. काकू मान डोलवून म्हणायच्या, हो, हे कापड आटतंच. मग शिवणीच्या आत सोडलेली माया उसवून कंबर सैल करायच्या, वरून इस्त्री मारायच्या, आणि गिऱ्हाईक कापडाला दोष देत समाधानानं घरी जायचं. कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा उतरला, हे काकूंच्या हातांना माहीत असायचं आणि तोंडाला माहीत नसायचं.

काका वीज कंपनीत होते. घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपून आणायचे, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामात त्यांनी अख्खं शहर पायांखालून घातलं होतं. सायकल दिली तर ती त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. म्हणाले, गल्लीत शिरते पण जिना चढत नाही. लांब ढांगा, पुढे झुकलेली मान, आणि हात असे की पोहतोय असं वाटावं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाजारात गेली तेव्हा काकू मागे राहिल्या, त्या राहिल्याच. कोपऱ्यावर काका वळून उभे असायचे, चेहऱ्यावर आश्चर्य, जणू ही मुद्दाम लपली होती. मग काकू धापा टाकत पोचायच्या आणि काका पुन्हा निघायचे. नव्या शहरात काकूंना पहिली ओळख पटली ती नवऱ्याच्या पाठीची. गर्दीत हजार पाठी असोत, ती पाठ त्यांना सापडायची.

म्हणून तर ती पाठ बदलली हेही आधी त्यांनाच कळलं.

मागच्या वर्षापासून काका रस्त्यात थांबायला लागले होते. एखाद्या इमारतीच्या तोंडाशी मीटरच्या पेट्या दिसल्या की थबकायचे, वाकून बघायचे, 'हं' करायचे. मुलगा थट्टा करायचा की बाबांना कंपनीनं सोडलं, बाबांनी कंपनीला नाही. काकाही हसायचे. एकदा बाजारातून येताना असेच थांबले. काकू पुढे गेल्या होत्या. हातातली पिशवी जड झाली म्हणून मागे वळल्या, आणि सहज त्यांच्या खांद्यावरून पेटीत डोकावल्या. पेटीत मीटर नव्हतं. कधीच काढून नेलं होतं. वायरींची दोन टोकं लोंबत होती आणि एक पाल होती. काका त्या रिकाम्या पेटीकडे डोळे लावून उभे होते आणि शर्टाची पाठ वरखाली, वरखाली होत होती.

काकू मागच्या पावली सरकल्या. पिशवीचा बंद सुटल्यासारखा करून तो बांधत बसल्या, चांगला वेळ लावून.

पुढे एकदा शर्टाच्या खिशाची शिवण उसवली म्हणून हातात घेतला, तर आत गोळ्यांचं पाकीट. ओळखीच्या औषधवाल्याला काकूंनी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, छातीची आहेत, नेमानं घेत असतील तर घाबरण्यासारखं नाही, फक्त दम लागला की थांबायचं, रेटायचं नाही. म्हणजे वाचनालयात जातो म्हणून जे जाणं व्हायचं ते डॉक्टरांकडे होतं. काकूंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त काकांच्या सगळ्या शर्टांना आतून एक चोरखिसा शिवला, पाकिटाच्या मापाचा. काकांनीही विचारलं नाही. पाकीट आत गेलं.

न विचारण्याला कारण होतं. काकांचे थोरले भाऊ. त्यांच्या छातीत एकदा दुखलं आणि घरच्यांनी, अगदी प्रेमानं, त्यांना खिडकीशी खुर्ची मांडून दिली. पाणी हातात, पेपर हातात, चष्माही हातात. त्यानंतर ते रस्त्यावर कधी उतरले नाहीत. त्यांना भेटून येताना काकांनी रस्त्यावरून वळून त्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसवून ठेवलंय त्याला. माणूस होता, सामान झाला."

हे वाक्य काकूंच्या मनात सुईसारखं राहिलं होतं. कपड्यात विसरलेली सुई जशी हलताना टोचते, तसं.

म्हणून हॉटेलचा प्रश्न त्यांच्यापुढे वेगळाच होता. जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं, हा प्रश्न नव्हताच. चालण्याजोगे रस्ते हॉटेलवाल्यांनी सगळेच लिहिले होते. काकूंना थांबण्याजोगा हवा होता.

एका सकाळी, अस्तराचं कापड आणायला लांबच्या बाजारात जाते असं सांगून काकू निघाल्या आणि बसनं पार्कपाशी जाऊन उतरल्या.

सुनेच्या आवडीचं हॉटेल खरोखरच दारात होतं. पण दार आणि हॉटेल यांच्यामध्ये रुंद रस्ता, गाड्यांची अखंड धार, आणि ओलांडायला लोखंडी पूल. पायऱ्या सरळ आभाळाकडे निघालेल्या. मध्ये विसाव्याची जागा नाही. काकू त्या चढल्या आणि अर्ध्यात मुद्दाम थांबून पाहिलं. मागचा माणूस लगेच म्हणाला, "आजी, बरं वाटतंय ना?" काकूंनी मान हलवली आणि मनातल्या मनात ते हॉटेल पुसून टाकलं.

दुसरं हॉटेल नव्या वसाहतीत होतं. पायऱ्या नाहीत, चढ नाही, फरशी अशी गुळगुळीत की पाय आपसूक पुढे जावा. पण सगळा रस्ता एका लांबलचक पांढऱ्या भिंतीच्या कडेनं. ना झाड, ना दुकान, ना भिंतीवर एखादी जाहिरात. काकू त्या भिंतीशी काकांच्या चालीनं चालल्या. ती चाल त्यांच्या पायांत आता मुरली होती. कुठवर गेलं की ती मंदावते, कुठे ती अडखळते, हे त्यांचे पाय त्यांना न विचारता सांगायचे. जिथे मंदावले तिथे त्या उभ्या राहिल्या आणि समोर पाहिलं. पांढरी भिंत. कोऱ्या भिंतीकडे बघत उभा राहिलेला माणूस कुणालाही ओळखू येतो.

तिसरं हॉटेल लांब होतं, तिथवर त्या रिक्षानं गेल्या. बैठं, जुन्या धाटणीचं, रंग उन्हानं फिका झालेला. पण त्याच्या फाटकातून बाहेर पडलं की आधी रोपवाटिका लागायची, कुंड्यांच्या रांगाच रांगा. तिच्यापुढे रंगीत माशांचं दुकान, काचेच्या पेट्या थेट रस्त्याकडे तोंड करून. मग सायकली दुरुस्त करणारा, चाकं उलटी टांगून बसलेला. मग एक छोटा कालवा आणि त्याचा ठेंगणा कठडा, बसावं म्हणून बांधला नव्हता पण बसण्याइतकाच. आणि पार्कच्या अलीकडे एक भलाथोरला रंगीत नकाशा, ज्याच्यापुढे तरणीताठी माणसंसुद्धा थांबत होती. जिथे पाय मंदावले तिथे काकू थांबल्या, आणि दर वेळी समोर काहीतरी होतं. फुलं होती. मासे होते. पाणी होतं. माणसानं थांबावं असं होतं, आणि का थांबलास असं कुणी विचारू नये असं होतं. काकूंना तो रस्ता कुणीतरी त्यांच्यासाठीच बेतल्यासारखा वाटला.

पार्कपासून रिक्षा करून त्या पुन्हा हॉटेलात आल्या. आत काउंटरवर एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेली. काकूंनी तळमजल्यावरची खोली मागितली. पलंगावर बसून पाहिलं, उठून पाहिलं. खुर्चीच्या हातांवर भार देऊन पाहिला. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का पाहिलं. उशा जास्तीच्या मिळतील ना, विचारलं. काका हल्ली पाठीला उंच घेऊन झोपत, आणि विचारलं तर मान अवघडते म्हणत.

"कुणी आजारी आहे का घरात?" बाईनं विचारलं.

"छे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी आजारी नाही."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खिडकीचा पडदा सारून बाहेरचा बाक दाखवला. म्हणाली, "माझे वडील आले की मी त्यांना हीच खोली देते. या बाकावर बसलं की ऊन खायला बसल्यासारखं दिसतं." आणि उशांचं पुन्हा काही विचारलं नाही.

काकू खूश झाल्या. नकाशापर्यंत पुन्हा एकदा तोच रस्ता चालून त्यांनी पार्कच्या दारातून परतीची बस पकडली आणि खिडकीशी बसून स्वतःशीच गुणगुणत घरी आल्या. कपडा हातावेगळा करताना त्या नेहमी उलटा करून बघत. आतली बाजू बघितल्याशिवाय घडी घालत नसत. पण रस्ता दोन्ही वेळा त्यांनी सुलटाच पाहिला. हॉटेलाकडून पार्ककडे. तो त्या बाजूनं अलगद उतरत होता, आणि उतार पायांना सांगत नाही की तो उतार आहे.

घरात मात्र वाद झाला. मुलाला कळेना की दारातलं हॉटेल सोडून लांबचं का, नवं सोडून जुनं का. सून नाराज झाली, पण नाराजी तिनं गोड आवाजात गुंडाळली; म्हणाली, आईंना आवडलं असेल तर पोहायचा तलाव नसला तरी आपण तिथल्या नळाखाली बसू. भिंगरीनं नळाखाली बसायला लगेच होकार दिला. मुलगा हट्टाला पेटला. एक कारण सांग, म्हणाला. एक.

काका पेपर वाचत होते. पेपराच्या कडांवर त्यांची बोटं दिसत होती.

"माझे गुडघे," काकू म्हणाल्या. "चालवत नाही रे पूर्वीसारखं. दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं, त्या रस्त्याला बसत-उठत जाता येतं."

मुलाचा आवाज एकदम मऊ झाला. आधी सांगायचंस ना, म्हणाला. तो मऊपणा काकूंना लागला. आजवर मुलगा त्यांच्याशी भांडायचा. आता त्यानं त्यांना आत कुठेतरी वेगळ्या रकान्यात टाकलं, हे त्यांना समोर दिसलं. पण हॉटेल ठरलं.

रात्री सगळे पांगल्यावर काकांनी पेपराची घडी घातली.

"कधीपासून दुखतायत?"

"झाले बरेच दिवस."

"बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं काय आहे त्यात," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

त्यानंतर काकूंना गुडघे सांभाळावे लागले. उठताना 'आई गं' म्हणायचं, बसताना हात टेकायचा. कधी विसरायच्या आणि तरातरा जिना चढून जायच्या, मग वरच्या पायरीवर आठवण व्हायची. सुनेनं मलम आणलं. मुलानं काठी आणली, मूठ कोरलेली. एक दिवस काकू गुडघा चोळत बसलेल्या असताना भिंगरी समोर येऊन उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"आजी, काल दुसरा होता."

"दोन्ही आहेत गं," काकू म्हणाल्या, आणि दोन्ही चोळायला लागल्या.

जायचा दिवस आला आणि सकाळ अगदी बेतल्याप्रमाणे उलगडली. काकांनी चोरखिसा चाचपला, भिंगरीचं बोट धरलं आणि फाटकातून बाहेर पडले. कुंड्यांपाशी पाय मंदावले. काका म्हणाले, "थांबा रे, हिच्या गुडघ्यांना जरा दम घेऊ द्या," आणि शेवंतीसारख्या कुठल्याशा फुलांवर वाकले. माशांपाशी तेच. काचेत भिंगरीचं नाक चपटं झालं आणि तिच्या मागे काकांचा श्वास हळूहळू जागेवर आला. सायकलवाल्याशी काका चाकाच्या आऱ्यांवरून बोलले. कालव्याच्या कठड्यावर त्यांनी स्वतः रुमाल पसरून काकूंना बसवलं, मग 'तू बसलीस तर मीही बसतो' असं म्हणून बसले. सूनसुद्धा म्हणाली, बाबा किती करतात आईंचं. काकूंनी मान खाली घातली. त्यांना हसू येत होतं आणि हसू नुसतं हसू नव्हतं.

दारात पोचल्यावर काकांनी भिंगरीचं बोट सोडलं. पोचवलं, म्हणाले. रोलर कोस्टरपाशी तिचं डोकं पट्टीला लागलं, केसांसकट. ती आत धावली आणि वरून किंचाळत गेलेल्या पोरांत तिचा आवाज कुठला ते दोघं खाली सावलीतल्या बाकावरून ओळखत बसले. दिवस छान गेला. काकांनी दोनदा कॉफी आणली, दोन्ही वेळा सावकाश, गर्दीला निमित्त करून.

पार्क बंद व्हायला आला तेव्हा सगळं गाव एकदम रस्त्यावर सांडल्यासारखं झालं. काकूंनी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि समोर पाहिलं. रस्ता वर चढत होता. फार नाही, काठीनं मोजायला गेलं तर हसू येईल इतकाच. पण तो चढत होता, हॉटेलपर्यंत, सगळाच्या सगळा. सकाळच्या सुखाची उलटी बाजू.

रंगीत नकाशापुढे आता कुणी थांबत नव्हतं. बघून झालेला नकाशा कोण बघतो. कालव्याचा कठडा थकलेल्या पोरांनी आणि त्यांच्या आयांनी भरला होता. काका तसेच पुढे गेले. सायकलवाला चाकं आवरून निघून गेला होता. त्याच्या बंद टपरीपाशी काकांचे पाय थांबले. समोर काही नव्हतं. लोखंडी पत्रा होता.

काकू लगेच वाकल्या आणि गुडघा धरला. थांबा जरा, म्हणाल्या.

सगळे थांबले. मुलाच्या खांद्यावर दोन पिशव्या होत्या, सुनेच्या हातात भिंगरीची ओली टोपी. पुन्हा निघाले. दिव्याच्या खांबापाशी काका थबकले, आणि काकूंचा हात गुडघ्यावर गेला. पुन्हा निघाले. माशांच्या दुकानाचं शटर खाली होतं. तिथे काका उभे राहिले ते नुसते उभे राहिले. बघण्याचं सोंगही त्यांना जमेना. काकू तर जवळजवळ खालीच बसल्या.

मुलानं पिशव्या खाली ठेवल्या. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तुझे फार हाल होतायत," तो म्हणाला. "उद्या तू येऊ नकोस. खोलीवरच आराम कर. आम्ही बाबांना घेऊन जातो, ते चालतायत मस्त."

सुनेनंही समजुतीच्या सुरात सांगितलं, की खोलीत खिडकीशी छान खुर्ची आहे, बाहेर फुलं आहेत, आईंना पेपर आणून ठेवू, काही लागलं तर काउंटरवरच्या बाई आहेतच. एक दिवसाचा तर प्रश्न.

"बरं," काकू म्हणाल्या. गिऱ्हाइकाला म्हणत तसंच, सहज, मान डोलवून. "मी काय, मी बसेन खिडकीत."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. शटरकडे पाहिलं. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं मूल, कुणाच्या हातात मलूल झालेला फुगा. काकांनी तोंड उघडलं आणि शब्द यायच्या आधी श्वासच बाहेर आला, मोठा, घरघरीत. त्यांनी तो येऊ दिला.

"तिचे गुडघे ठणठणीत आहेत," ते म्हणाले.

मुलाला कळलं नाही.

"तिला काही झालेलं नाही. मला दम लागतो." मध्ये थांबून, पुन्हा हवा घेऊन, "वर्ष झालं. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. चढाला जास्त लागतो. ती... ती माझं झाकत आली."

मुलगा आईकडे पाहत राहिला. काकू उभ्या राहिल्या, हात न टेकता, सरळ. त्यांना उसवलेली शिवण गिऱ्हाइकासमोरच उघडी पडावी तसं वाटत होतं. आणि तरी कुठेतरी हलकंही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी हळूच नवऱ्याला विचारलं.

"गुडघ्यांचं? पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले. "जिना चढतेस बघ कशी."

मुलगा भानावर आला. गाडी बोलावतो म्हणाला, मोबाइल काढला, उद्या चाकांची खुर्ची मिळते का बघतो म्हणाला, तुम्ही आधी बसा, इथे बसा, कुणाला तरी स्टूल मागतो. काकांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बसतो," ते म्हणाले. "पण बसवू नका मला. उद्याही मी येणार. थांबत थांबत येणार, आणि थांबलो की सांगणार, दम लागला म्हणून. चालेल ना तुम्हाला?"

मुलानं मान हलवली.

मग काका फुटपाथच्या कडेवर बसले. भर रस्त्यात, गर्दीकडे तोंड करून, गुडघे पसरून, हात मांड्यांवर. तोंड उघडं टाकून त्यांनी श्वास घेतला, आवाजासकट, जसा येईल तसा. वर्षभर काकूंनी तो श्वास पाठीवरून वाचला होता, शर्टाच्या सुरकुतीवरून ओळखला होता. तो कानांनी आज पहिल्यांदा ऐकला. त्या त्यांच्या शेजारी बसल्या. भिंगरी आजोबांच्या पाठीला कान लावून बसली आणि म्हणाली, आत कुणीतरी शिट्टी वाजवतंय. काका हसले, हसू तुकड्यातुकड्यांनी आलं.

सुनेनं ओली टोपी कडेवर वाळत ठेवली आणि तीही बसली. सगळ्यात शेवटी मुलगा बसला, पिशव्या पायांशी घेऊन, बुटांच्या नाड्या सैल करून. समोरून पावलं जात होती, वर बघायची गरज नव्हती. बराच वेळ कुणी 'चला' म्हणालं नाही.